माळ्यावरचे ॲक्सेस पॉइंट आणि न उघडणारे पान

गेल्या वर्षी जुलै महिन्यात बाबा कायमचे आमच्याकडे राहायला आले आणि विलेपार्ल्याच्या आमच्या घरातली मागची खोली त्यांची झाली. इमारत जुनी आहे आणि तिच्या भिंती नऊ इंची विटांच्या आहेत. इंटरनेटचा राउटर मुख्य दाराजवळ बसवलेला आहे; त्याचे वायफाय दिवाणखाना आणि स्वयंपाकघर ओलांडून मागच्या खोलीत पोहोचते तेव्हा फोनवर जेमतेम एक रेघ उरते. बाबा रोज रात्री साडेआठ वाजता पुण्याच्या नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. तिचा चेहरा मध्येच थिजला, की ते फोन हातात धरून आधी खिडकीपाशी, मग दारापाशी आणि शेवटी बाहेरच्या खोलीत येऊन उभे राहत. ८१ वर्षांच्या माणसाला बोलण्यासाठी अशी जागा शोधत फिरावे लागू नये, म्हणून मी माळ्यावरचे खोके खाली काढले.

त्या खोक्यात दोन जुने ॲक्सेस पॉइंट होते, म्हणजे राउटरला केबलने जोडून दूरच्या खोलीत वायफाय देणारी यंत्रे. एक २००५ साली घेतलेला, ‘जी’ प्रकारचा, म्हणजे कागदोपत्री ५४ मेगाबिट वेगाचा आणि दोन अँटेनांचा. दुसरा ‘एन’ प्रकारचा, आमच्या कार्यालयाने २०१२ मध्ये घेतलेला आणि पुढे जागा बदलताना निकाली काढलेला, तो मी मागून घेतला होता. दोघांनाही वीज दिल्यावर दिवे लागले आणि फोनवर त्यांची नावेही दिसू लागली. मात्र सेटिंग बदलण्यासाठी ज्या पानावर जायचे, ते ब्राउझरमधले पान दोघांचेही उघडेना. अशा वेळी बहुतेक घरांत यंत्र बिघडले असे ठरते आणि ते भंगारात जाते. माझे मत वेगळे आहे आणि ते सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते, कारण दिवा लागणारा आणि वायफायचे नाव हवेत पाठवणारा ॲक्सेस पॉइंट सहसा मेलेला नसतो. त्याच्यात आणि आपल्या आजच्या संगणकात बोलणे होत नसते, आणि ते नेमके कुठे तुटले आहे हे शोधून काढता येते.

‘पान उघडत नाही’ हे वाक्य आपण चार-पाच निरनिराळ्या बिघाडांसाठी सरसकट वापरतो, ही पहिली अडचण. ब्राउझर मात्र प्रत्येक वेळी वेगळे वाक्य दाखवत असतो आणि आपण ते न वाचताच खिडकी बंद करतो. बराच वेळ चक्र फिरून ‘प्रतिसादाला फार वेळ लागला’ अशा अर्थाचा संदेश आला, तर त्या पत्त्यावर कोणीही उत्तर दिले नाही. पत्ता चुकला आहे, केबल बसलेली नाही किंवा संगणक वेगळ्याच नेटवर्कात आहे. क्षणार्धात ‘कनेक्शन नाकारले’ असे आले, तर ती खरे म्हणजे चांगली बातमी आहे, कारण त्या पत्त्यावर कोणीतरी जिवंत आहे. फक्त आपण ज्या दारावर थाप मारली ते दार बंद आहे, आणि सेटिंगचे पान ८० ऐवजी ४४३ किंवा ८०८० या पोर्टवर असू शकते. सुरक्षित कनेक्शन जुळत नाही असा संदेश आला, तर पत्ता, केबल आणि यंत्र सगळेच ठीक आहे आणि अडचण फक्त दोघांच्या भाषेची आहे. हे वाक्य कागदावर जसेच्या तसे उतरवून घेण्याची सवय मी लावून घेतली आहे आणि तिच्यामुळे माझे कित्येक तास वाचले आहेत.

पहिल्या, म्हणजे २००५ च्या यंत्राने मला पत्त्यावरच, म्हणजे ब्राउझरमध्ये लिहायच्या आकड्यांवरच, अडवले. त्याच्या तळाशी असलेल्या लेबलवरची शाई मुंबईच्या दमट हवेत इतकी फिकी पडली होती, की मॅक ॲड्रेसचे, म्हणजे यंत्राच्या ओळखक्रमांकाचे, शेवटचे चार आकडे सोडल्यास काही वाचता येत नव्हते. बहुतेक जण अशा वेळी १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकून पाहतात. पण तो प्रामुख्याने राउटरचा पत्ता असतो आणि ॲक्सेस पॉइंटला त्याच्या कारखान्यात मुद्दामच निराळा पत्ता दिलेला असतो, कारण तो आधीपासून राउटर असलेल्या घरात जाणार हे गृहीत धरलेले असते. डी-लिंकच्या बऱ्याच जुन्या ॲक्सेस पॉइंटचा मूळ पत्ता १९२.१६८.०.५० असे, लिंक्सिसच्या डब्ल्यूएपी५४जी या यंत्राचा १९२.१६८.१.२४५, तर युबिक्विटीच्या यंत्रांचा १९२.१६८.१.२०. हे सगळे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात खासगी नेटवर्कांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातले आहेत. त्यामुळे ते जगभर लाखो घरांत एकाच वेळी वापरले जातात आणि बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना काहीही अर्थ नसतो.

आता आमच्या मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ आहे आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला तो १९२.१६८.२९ ने सुरू होणारा पत्ता वाटतो. ज्याचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो असा जुना ॲक्सेस पॉइंट त्याच केबलवर जोडला, तरी माझा संगणक त्याला शेजारी मानतच नाही. तो आपली विचारणा राउटरकडे सोपवतो आणि राउटरला त्या पत्त्याचा ठावठिकाणा माहीत नसतो. बरे, संगणक थेट ॲक्सेस पॉइंटला केबलने जोडला, तर पत्ते वाटण्याचे काम करणारे तिथे कोणीच नसते, कारण ॲक्सेस पॉइंट हे काम स्वतः सहसा करत नाही. मग संगणक काही वेळ वाट पाहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. विंडोजमधल्या कमांडच्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहिल्यावर हा १६९.२५४ दिसला, की संगणकाला कोणीही पत्ता दिलेला नाही असे खुशाल समजावे.

यावरचा उपाय सोपा आहे. संगणकाचे वायफाय बंद करावे, ॲक्सेस पॉइंटला थेट केबलने जोडावे आणि संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन पत्ता हाताने भरावा. ॲक्सेस पॉइंट १९२.१६८.१.२४५ वर असेल, तर संगणकाला १९२.१६८.१.१० द्यावा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा आणि गेटवेची जागा रिकामी सोडावी. वायफाय बंद करण्याचा मी आग्रह धरतो, कारण दोन्ही वाटा एकदम चालू असल्या की संगणक कोणत्या वाटेने विचारणा पाठवतो आहे याचा भरवसा राहत नाही. काम झाल्यावर ही सेटिंग पुन्हा ‘आपोआप’ वर आणण्यास विसरू नये. मी एकदा विसरलो होतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात नेट का चालत नाही हे अर्धी सकाळ शोधत बसलो होतो.

पण माझ्या यंत्राचा पत्ताच मला माहीत नव्हता, आणि कारखान्यातला मूळ पत्ता त्या काळी यंत्र बसवणाऱ्याने बदललेला असणार याची मला खात्री होती. इथे रीसेटचे बटण दाबण्याचा मोह होतो. माझे स्पष्ट मत असे, की रीसेट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. काही वर्षांपूर्वी मी एक जुना राउटर घरच्या नेटवर्कला जोडलेला असतानाच रीसेट केला होता. तो मूळ अवस्थेत जाताच स्वतःच पत्ते वाटू लागला आणि घरातल्या टीव्हीला, पत्नीच्या लॅपटॉपला आणि मुलीच्या फोनला त्याने भलतेच पत्ते देऊन टाकले. मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू होती, तिने आतल्या खोलीतून “बाबा, नेट गेलं!” अशी मारलेली हाक मला अजून आठवते. रीसेट करायचाच असेल, तर यंत्राच्या बाकी सगळ्या केबल काढून, फक्त वीज चालू ठेवून, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे.

रीसेटऐवजी मी वायरशार्क हा मोफत मिळणारा प्रोग्राम उघडला. केबलवरून जाणारी-येणारी प्रत्येक विचारणा तो ओळीने दाखवतो. ॲक्सेस पॉइंट थेट लॅपटॉपला जोडलेला होता. त्याची वीज मी बंद केली, दहा सेकंद थांबलो आणि पुन्हा चालू केली. साधारण अर्ध्या मिनिटाने पडद्यावर एक ओळ आली आणि मग तीच ओळ दर काही सेकंदांनी येत राहिली. तिचा अर्थ असा होता: ‘१९२.१६८.१.१ कोणाकडे आहे? १९२.१६८.१.२ ला सांगा.’ ही एआरपी नावाची विचारणा असते. एकाच नेटवर्कातले यंत्र दुसऱ्याला शोधताना ती मोठ्याने सगळ्यांना विचारते आणि विचारताना स्वतःचा पत्ताही सांगून टाकते. म्हणजे माझा ॲक्सेस पॉइंट १९२.१६८.१.२ वर होता, आणि तो ज्याला शोधत होता तो १९२.१६८.१.१ म्हणजे आमचा जुना टेलिफोन लाइनवरचा मोडेम, जो आम्ही कितीतरी वर्षांपूर्वी भंगारात दिला. वीज मिळताच त्याने सगळ्यात आधी त्या मोडेमची चौकशी केली होती. मी ती ओळ बराच वेळ पाहत बसलो.

पत्ता मिळाल्यावर पुढचा टप्पा ब्राउझरचा. पत्ता लिहिताना सुरुवातीला एचटीटीपी, त्यानंतर अपूर्णविरामाचे दोन टिंब आणि दोन तिरप्या रेघा, असे पूर्ण लिहावे. नुसते आकडे लिहू लागले, की ब्राउझर पूर्वी कधी उघडलेला एचटीटीपीएसचा, म्हणजे सुरक्षित कनेक्शनचा, पत्ता स्वतःच पुढे करतो, आणि आकड्यांत एखादे टिंब राहून गेले तर तो सरळ शोधायला निघतो. खासगी खिडकी उघडून प्रयत्न करणेही चांगले, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी पाने आणि जुने पासवर्ड आड येत नाहीत. पूर्ण पत्ता दिल्यावर २००५ च्या यंत्राने नाव आणि पासवर्ड विचारणारी छोटी चौकट दाखवली आणि सुदैवाने पासवर्ड खोक्याच्या झाकणावर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

पान उघडले, पण अर्धेच. डावीकडचा मेनू दिसत होता आणि उजवीकडची बाजू पांढरी फटक होती. त्या काळची बरीचशी पाने फ्रेममध्ये विभागलेली असत आणि त्यांतली जावास्क्रिप्ट इंटरनेट एक्सप्लोरर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असे. काही यंत्रांनी तर सेटिंगसाठी जावा ॲपलेट, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या प्लगइनवर चालणारे छोटे प्रोग्राम, वापरले होते. क्रोमने अशा प्लगइनचा आधार २०१५ मध्ये काढून घेतला आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि इंटरनेट एक्सप्लोरर ११ स्वतः १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. म्हणजे यंत्र जसेच्या तसे राहिले आणि त्याच्याशी बोलू शकणारी माणसे मात्र एकेक करून निघून गेली. विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये अजून एक सोय शिल्लक आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’ या भागात जाऊन इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये पान पुन्हा लोड करण्याची परवानगी द्यावी, आणि मग मेनूतून ते पान त्या मोडमध्ये उघडावे. ही सोय निदान २०२९ पर्यंत ठेवू असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. एकदा त्या यादीत घातलेला पत्ता तीस दिवसांनी आपोआप गळतो, तेव्हा महिन्याभराने तेच पान पुन्हा पांढरे दिसले तर घाबरू नये. मी तसे केल्यावर उजवी बाजू भरून आली आणि पहिले यंत्र माझ्या हाती आले. त्याचे पुढे काय झाले ते शेवटाकडे सांगतो.

दुसरे यंत्र कार्यालयीन वापराचे असल्यामुळे त्याच्या निर्मात्यांनी सुरक्षेची काळजी घेतली होती, आणि नेमकी तीच काळजी आज आडवी आली. त्याचे पान फक्त एचटीटीपीएसवर उघडते; साध्या पत्त्यावर गेले तरी ते स्वतःच आपल्याला सुरक्षित पत्त्याकडे वळवते. क्रोमने तिथे ‘ही साइट सुरक्षित कनेक्शन देऊ शकत नाही’ असे सांगून दार लावून घेतले. इथे दोन गोष्टींत फरक करायला हवा, कारण अनेक जण त्या एकच समजतात. यंत्राचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच स्वतःला दिलेले असले किंवा त्याची मुदत संपलेली असली, तर ब्राउझर लाल इशारा दाखवतो, पण ‘प्रगत’ या बटणामागे पुढे जाण्याची वाट ठेवतो. आपल्याच घरात, आपल्याच केबलवर, समोर ठेवलेल्या यंत्राच्या बाबतीत ती वाट घ्यायला हरकत नाही. मला मात्र पुढे जाण्याचे बटणच दिसत नव्हते. याचा अर्थ प्रमाणपत्राच्याही आधीची बोलणी फिसकटली होती.

ही बोलणी टीएलएस नावाच्या नियमांनी होतात. २०१२ च्या यंत्राला त्यातली १.० ही आवृत्तीच येते. फायरफॉक्सने जून २०२० मध्ये आपल्या ७८ व्या आवृत्तीत आणि क्रोमने त्याच्या पुढच्या महिन्यात ८४ व्या आवृत्तीत टीएलएस १.० आणि १.१ नाकारायला सुरुवात केली, आणि मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ ने त्या दोन्ही आवृत्त्या अधिकृतपणे कालबाह्य ठरवल्या. हा निर्णय योग्यच होता. बँकेचे व्यवहार करणाऱ्या ब्राउझरने पंधरा-वीस वर्षांपूर्वीची कमकुवत कुलपे स्वीकारू नयेत. अडचण एवढीच, की माळ्यावरच्या यंत्राला नवे कुलूप कसे लावायचे हे शिकवणारे कोणी उरलेले नाही, कारण त्याच्या निर्मात्याने नवीन फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्राम, देणे कधीच थांबवले आहे.

फायरफॉक्समध्ये अजून एक खिडकी उघडी आहे. पत्त्याच्या जागी ‘अबाउट’, अपूर्णविराम, ‘कॉन्फिग’ असे इंग्रजीत लिहिले, की त्याच्या आतल्या सेटिंगची यादी उघडते. तिथे टीएलएसची किमान आवृत्ती ठरवणारी नोंद शोधावी. तिच्या नावाच्या शेवटी ‘व्हर्जन’ आणि ‘मिन’ हे शब्द आहेत. तिची किंमत मुळात ३ असते, म्हणजे किमान टीएलएस १.२. ती १ केली, की १.० चालते. परंतु ही सूट रोजच्या वापराच्या फायरफॉक्सला कधीही देऊ नये. मी त्यासाठी वेगळे प्रोफाइल तयार केले, त्याला ‘जुनी यंत्रे’ असे नाव दिले, आणि त्यातून या पानांखेरीज दुसरे काहीही उघडत नाही. एवढे करूनही काही यंत्रे उघडत नाहीत, कारण त्यांना फक्त आरसी४ नावाचे कूटलेखन येते आणि ते ब्राउझरांनी २०१६ च्या सुरुवातीलाच काढून टाकले आहे. तशा वेळी जुन्या विंडोजचा एखादा लॅपटॉप शोधावा, त्याचे इंटरनेट पूर्ण बंद ठेवावे आणि फक्त केबलने यंत्राशी जोडून काम उरकावे. माझ्या यंत्राने प्रोफाइल बदलताच पान दाखवले. वर त्याचे घड्याळ १ जानेवारी २००० अशी तारीख दाखवत होते, कारण वेळ सांगणाऱ्या सर्व्हरपर्यंत ते कित्येक वर्षांत पोहोचले नव्हते.

फोनवरून हे सगळे करू पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. ॲक्सेस पॉइंटच्या वायफायवर इंटरनेट नाही असे दिसले, की बरेच अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात, आणि आपण लिहिलेला १९२.१६८ चा पत्ता भलतीकडेच शोधला जातो. मोबाइल डेटा बंद करावा आणि व्हीपीएन असल्यास तेही. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॅकओएस सिकोयापासून मॅकवरच्या क्रोम-फायरफॉक्ससारख्या ब्राउझरला घरच्या नेटवर्कातली यंत्रे पाहण्याची वेगळी परवानगी लागते. ती नाकारली गेली असेल, तर पिंग, म्हणजे यंत्र जागे आहे का हे पाहणारी साधी हाक, पोहोचते आणि पान मात्र उघडत नाही. काही यंत्रे वायफायवरून सेटिंगचे पान उघडूच देत नाहीत आणि काही एका वेळी एकालाच आत घेतात. त्यांच्यासाठी केबल वापरावी, अथवा आधीची खिडकी बंद करून दहा मिनिटे थांबावे.

आता ज्या बिघाडाने मला सगळ्यात जास्त छळले त्याकडे येतो. दुसऱ्या यंत्राचे पान उघडले, मी वायफायचे नाव आणि पासवर्ड भरला, ‘सेव्ह’ दाबले आणि पान अडकले. दोन मिनिटांनी पुन्हा आत गेलो तर सगळ्या सेटिंग जुन्याच. चार वेळा हेच झाले. मी ब्राउझर बदलला, केबल बदलली, रात्री उशिरापर्यंत जावास्क्रिप्टला दोष देत बसलो. पाचव्या वेळी मी पडद्याऐवजी यंत्राकडे पाहत ‘सेव्ह’ दाबले, तेव्हा दिसले की त्याचे सगळे दिवे क्षणभर विझून पुन्हा लागतात. यंत्र सेटिंग लिहिण्याआधीच बंद पडून नव्याने सुरू होत होते.

ॲडॉप्टर घेऊन मी शनिवारी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटांवर, जिना चढून गेल्यावर एक दुरुस्तीचे टेबल आहे, तिथले काका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी ॲडॉप्टरवर लिहिलेले १२ व्होल्ट, १ अँपिअर हे आकडे वाचले आणि मीटर लावला. मीटरने १२.३ दाखवले. मी म्हटले, “काका, हा तर ठीक आहे.” त्यांनी काही न बोलता ड्रॉवरमधून १२ व्होल्टचा एक छोटा दिवा काढला, त्याच्या दोन तारा ॲडॉप्टरच्या पिनला लावल्या आणि मीटर तसाच ठेवला. आकडा उतरत उतरत ८.९ वर येऊन थांबला. “रिकाम्या हाताने सगळेच सरळ चालतात,” ते म्हणाले, “ओझं दिल्यावर बघायचं.” त्यांनी ॲडॉप्टर उघडला, तेव्हा आतल्या एका कपॅसिटरचे डोके फुगलेले होते आणि त्याच्या बुडाशी तपकिरी द्रव सुकला होता. वर्षानुवर्षे गरम राहून असे कपॅसिटर आतून कोरडे पडतात. मग ॲडॉप्टर थोडा भार पेलतो, पण वायफायचा रेडिओ बंद होऊन पुन्हा चालू होताना अचानक जास्त विजेची मागणी आली की गळपटतो. सेटिंग सेव्ह करताना नेमके हेच घडते.

नवा ॲडॉप्टर घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनचा आतला भाग धन की ऋण हे दाखवणारी वर्तुळाची खूण सारखी हवी. शिवाय पिनच्या भोकाचा व्यास २.१ आणि २.५ मिलिमीटर अशा दोन मापांत येतो. बाहेरून दोन्ही पिना सारख्याच दिसतात, आणि चुकीची पिन सैल बसून यंत्र थोडे हलले की बंद पडते. यंत्र जुने म्हणून ॲडॉप्टरही जुनाच लावण्याचा हट्ट मी आता सोडला आहे. पान अर्धवट उघडणे, मध्येच लॉगआउट होणे, सेव्ह न होणे यांपैकी काहीही दिसले, की मी आधी दुसरा चांगला ॲडॉप्टर लावून पाहतो आणि मग ब्राउझरकडे वळतो. केबलच्या टोकाकडेही पाहावे. आमच्याकडे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आरजे४५ च्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगच्या, पितळी रंगाच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, आणि तसे टोक कापून नवे लावणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे.

नव्या ॲडॉप्टरवर पहिल्याच प्रयत्नात सेटिंग टिकली. मी यंत्राला १९२.१६८.२९.२५० हा पत्ता दिला, आणि मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्यांच्या यादीतून तो वगळला, म्हणजे उद्या एखाद्या पाहुण्याच्या फोनला तोच पत्ता मिळून दोघांची टक्कर होणार नाही. त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंदच आहे ना, हे पाहिले. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरत असाल, तर हे काम हटकून बंद करावे आणि येणारी केबल त्याच्या इंटरनेट लाइनसाठीच्या वॅन पोर्टमध्ये न घालता घरातल्या यंत्रांसाठीच्या लॅन पोर्टमध्ये घालावी. वायफायच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए२ हे कुलूप आणि एईएस हे त्याचे कूटलेखन निवडले. टीकेआयपी हे जुने कूटलेखन चुकूनही निवडू नये. ते कमकुवत तर आहेच, शिवाय ‘एन’ प्रकारच्या नियमांनुसार टीकेआयपीवर वेग ५४ मेगाबिटच्या पुढे जात नाही, आणि लोक मात्र यंत्र हळू आहे म्हणून त्याला दूषण देतात. चॅनेलसाठी १, ६ आणि ११ यांपैकी आमच्या मजल्यावर सगळ्यात कमी गर्दी असलेले ११ घेतले. सेटिंगच्या पानाचा पासवर्डही बदलला, कारण कारखान्यातला पासवर्ड कोणालाही सापडतो.

पहिल्या यंत्राबद्दल सांगायचे राहिले होते. इतके कष्ट घेऊन त्याचे पान उघडल्यावर सुरक्षेच्या यादीत मला दोनच नावे दिसली, सगळ्यात जुने डब्ल्यूईपी आणि टीकेआयपीवरचे पहिले डब्ल्यूपीए. डब्ल्यूईपी कसे फोडता येते हे २००१ मध्येच उघड झाले होते, आणि डब्ल्यूपीए ही २००३ साली केलेली तात्पुरती डागडुजी होती. मार्च २००६ नंतर प्रमाणपत्र मिळवणाऱ्या प्रत्येक वायफाय यंत्राला डब्ल्यूपीए२ येणे सक्तीचे झाले. माझे यंत्र त्याच्या आधीचे निघाले. ओपनडब्ल्यूआरटीसारखे मोफत फर्मवेअर घालून अनेक जुन्या यंत्रांना नवे आयुष्य देता येते, पण या यंत्राची स्मृती त्यासाठी पुरणारी नव्हती. तेव्हा त्याला परत माळ्यावर न ठेवता निरोप देणे हेच प्रामाणिक होते. इथे मात्र मी रीसेटचे बटण वापरले, कारण आत आमचा जुना वायफाय पासवर्ड होता आणि तो यंत्राबरोबर घराबाहेर जाऊ नये. पंधरा सेकंद बटण दाबून धरले, पान पुन्हा उघडून सगळे कोरे झाल्याची खात्री केली आणि यंत्र ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दिले. बाबांनी विचारले, “अरे, ते तर चालत होतं ना?” मी त्यांना म्हटले, “चालत होतं बाबा, पण त्याचं कुलूप आता कोणालाही उघडता येतं.” ते त्यांना लगेच पटले.

दुसरे यंत्र मागच्या खोलीत, कपाटाच्या वर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले आहे. त्याच्या तळाशी मी कागदाची एक पट्टी लावली आणि तिच्यावर बॉलपेनने पत्ता, ‘फायरफॉक्स, जुनी यंत्रे प्रोफाइल’ हे शब्द, ‘ॲडॉप्टर १२ व्होल्ट १ अँपिअर, पिन २.१’ आणि तारीख लिहिली. शाई पावसाळ्यात फिकी पडू नये म्हणून वरून सेलोटेप चिकटवली. पासवर्ड त्या पट्टीवर लिहिलेला नाही. तो बाबांच्या औषधांच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे, आणि ती वही कुठे असते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.